स्टेअरिंगवरचे हात आणि हातावरचे पोट

रात्री दोन-अडीचचा सुमार. दिवसभर गाडी चालवून दमलेला माणूस गाढ झोपेतून अचानक जागा होतो. उजव्या हाताची बोटे बधिर झालेली असतात. अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या आलेल्या असतात. तो उठून बसतो, हात जोरजोरात झटकतो, पाच-दहा मिनिटांनी बरे वाटते आणि पुन्हा झोपतो. सकाळी बायकोने विचारले तर उत्तर ठरलेले, ‘‘काही नाही, हात अंगाखाली आला असेल.’’ असे महिनोन् महिने चालते. मग एके दिवशी चहाचा कप हातातून निसटतो, शर्टाची गुंडी लावता येत नाही, आणि तेव्हा कुठे तो दवाखान्याची पायरी चढतो.

अशा रुग्णाचा तळहात पाहिला, की कधीकधी अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट झालेला दिसतो. याचा अर्थ दुखणे बरेच पुढे गेले आहे. मुंग्या लवकर जातात, पण वाळलेला स्नायू पुन्हा भरून येईलच अशी खात्री कोणी डॉक्टर देऊ शकत नाही. आपल्याकडे ‘हातावर पोट असणे’ म्हणतात. चालकाच्या बाबतीत ते शब्दशः खरे आहे.

परभणी जिल्ह्यात स्टेअरिंगवर पोट असलेली माणसे थोडी नाहीत. एसटीचे चालक आहेत, रात्रीच्या ट्रॅव्हल्सचे चालक आहेत. मानवत-सेलूच्या बाजारात कापूस नेणारे टेम्पोवाले आहेत, काळी-पिवळी जीप चालवणारे आहेत. गळीत हंगामात पाथरी, सोनपेठ, गंगाखेडच्या रस्त्यांवर उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरचालक आहेत. शिवाय स्वतःची मोटार चालवणारे शिक्षक, व्यापारी, शेतकरी आहेतच. यांना हात दुखतो का असे विचारले, तर बहुतेक जण हो म्हणतील. पण गाडी चालवताना हात नेमके कुठे ठेवता, असे विचारले तर बरेच जण विचारात पडतील. आजचा विषय तोच आहे. स्टेअरिंग धरण्याची आणि वळवण्याची योग्य पद्धत हाताचे आरोग्य सांभाळते आणि अपघातात तीच जीव वाचवते. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत.

ही सवय आली कोठून?

परभणी जिल्हा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सुरू केली. तिकडे मुंबई राज्यात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. त्या काळच्या गाड्यांचे स्टेअरिंग पूर्णपणे मनगटाच्या जोरावर फिरत असे. जोर कमी लागावा म्हणून चाक मोठ्या घेराचे ठेवीत. विहिरीवरचा रहाट आठवा. त्याचा दांडा जितका लांब तितकी घागर हलकी वाटते. मोठ्या चाकाचेही तसेच असते.

अशा जड चाकाला फिरवायचे म्हणजे चालक पुढे झुकणार, हात चाकाच्या वरच्या भागावर ठेवणार आणि अंगाचा भार घालून ते खाली ओढणार. घड्याळात दहा वाजून दहा मिनिटे झाल्यावर काटे जसे दिसतात तसे हात ठेवायला त्या काळी शिकवले जाई. त्या गाड्यांसाठी ते चुकीचे नव्हते.

पुढे यंत्र बदलले. फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन अभियंत्याने १९२६ मध्ये पॉवर स्टेअरिंग असलेली गाडी तयार केली आणि १९५१ मध्ये क्रायस्लर कंपनीच्या इम्पिरियल मोटारीत ते विक्रीला आले. आपल्याकडच्या बस, ट्रक आणि ट्रॅक्टरपर्यंत ते पोहोचायला आणखी काही दशके गेली. आज ते सर्रास मिळते. चाक लहान आणि हलके झाले. पण पकड मात्र जुनीच राहिली, कारण आपल्याकडे ड्रायव्हिंग बहुधा पुस्तकातून शिकत नाहीत. उस्तादाचे पाहून क्लीनर शिकतो, आणि तो उस्ताद झाला की त्याचा क्लीनर त्याचे पाहून शिकतो. कौशल्याबरोबर खोडीही अशाच पुढे जातात.

मनगटात काय बिघडते?

मनगटाच्या तळहाताकडील बाजूस एक अरुंद बोगदा असतो. त्याच्या तळाशी मनगटाची लहान लहान हाडे असतात आणि वर एका चिवट पट्ट्याचे छत असते. या बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या, म्हणजे स्नायुबंध, आणि एक मज्जातंतू जातो. हा मज्जातंतू अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेच्या अर्ध्या भागाला संवेदना देतो. अंगठ्याच्या मुळाशी असलेले स्नायूही तोच चालवतो.

आता चाक घट्ट आवळून धरले, की या नऊ दोऱ्या ताणल्या जातात. मनगट वर किंवा खाली वाकलेले असेल, तर बोगद्यातला दाब आणखी वाढतो. त्यात खडबडीत रस्त्याचे हादरे आणि इंजिनाची थरथर हाताला सतत बसत असते. दोऱ्यांवरचे आवरण सुजते, पण बोगदा काही रुंद होत नाही. मग चेंगरतो तो बिचारा मज्जातंतू. या विकाराला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. रात्री मुंग्या येणे आणि हात झटकल्यावर बरे वाटणे ही त्याची ओळखीची खूण आहे.

हा विकार केवळ गाडी चालवल्यानेच होतो असे समजू नये. मधुमेह, थायरॉईडचा विकार, संधिवात, लठ्ठपणा आणि गरोदरपण यांतही तो दिसतो. शिवणकाम करणाऱ्या आणि सतत हाताचे काम करणाऱ्या स्त्रियांनाही होतो. पण ज्याला आधीच मधुमेह आहे आणि जो दिवसाचे आठ-दहा तास चाक आवळून बसतो, त्याचा धोका वाढतो, हे उघड आहे.

करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील, तर गोष्ट वेगळी आहे. कोपराच्या आतल्या बाजूला टेकले की झिणझिण्या येतात, हा अनुभव सर्वांना आहे. तेथून जाणारा दुसरा मज्जातंतू दबला जात असतो. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो. उजवे कोपर खिडकीच्या काठावर टेकवायचे आणि एका हाताने गाडी चालवायची, ही आपल्याकडील फार जुनी लकब. पत्र्याच्या काठाचा दाब तासन् तास कोपरावर पडतो. शिवाय अरुंद रस्त्यावर समोरून उसाची ट्रॉली आली, तर बाहेर आलेले कोपर धोक्यात येते ते वेगळेच.

खिडकीकडच्या बाजूला उन्हाचाही त्रास आहे. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात २०१२ मध्ये ६९ वर्षांच्या एका मालवाहू गाडीच्या चालकाचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. २८ वर्षे खिडकीशेजारी बसून त्याच्या चेहऱ्याची एकच बाजू जाड आणि सुरकुतलेली झाली होती. तिकडे चालक डाव्या बाजूस बसतो, म्हणून डावी बाजू. आपल्याकडे उजव्या बाजूचा गाल आणि हात सांभाळायला हवा. परभणीच्या एप्रिल-मेच्या उन्हात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा हे चालकाचे स्वस्त औषध आहे.

खांदा आणि मान

एक साधा प्रयोग करून पाहा. दोन्ही हात खांद्याच्या उंचीवर समोर धरून ठेवा. दोन-तीन मिनिटांत खांदे भरून येतील. हातात वजन काहीच नाही, तरी हात वर धरून ठेवण्यासाठी स्नायू सतत आखडलेले असतात. आखडलेल्या स्नायूत रक्तपुरवठा कमी होतो आणि तो दुखू लागतो. चाकाच्या अगदी वरच्या भागावर हात ठेवून गाडी चालवणारा माणूस तासन् तास हाच प्रयोग करत असतो. संध्याकाळी मान आणि खांद्याच्या मधला भाग दगडासारखा कडक होतो, डोके जड होते. मग तो गळ्यात पट्टा घालतो, झंडू-अमृतांजन चोळतो. पण सकाळी पुन्हा हात तिथेच जातात.

चाळिशी-पन्नाशीच्या मधुमेही माणसाचा खांदा आखडला, तर त्याला मागे वळून पाहणे आणि चाक पूर्ण फिरवणे कठीण होते. मग तो वळणावर अंग वाकडे करतो आणि कंबरही धरते. एक दुखणे दुसऱ्याला बोलावून आणते ते असे.

आधी बैठक, मग पकड

पकड सुधारायची असेल तर आधी बैठक नीट हवी. सीटमध्ये पूर्ण मागे सरकून बसावे. क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. पाठ टेकलेली ठेवून हात समोर करावा. मनगट चाकाच्या वरच्या कडेवर सहज टेकले पाहिजे. त्यासाठी खांदा पुढे न्यावा लागत असेल तर सीट फार मागे आहे. कोपर फार दुमडत असेल तर सीट फार पुढे आहे.

जुन्या ट्रकची किंवा ट्रॅक्टरची सीट बरेचदा हलतच नाही. अशा वेळी घोंगडीची किंवा चादरीची घट्ट घडी करून कंबरेमागे ठेवावी. पाठीला आधार मिळाला की माणूस चाकाला लोंबकळत नाही. चाकाचा उपयोग गाडी वळवण्यासाठी आहे, आधाराला धरण्यासाठी नाही. खड्ड्यात गाडी आदळली की चाकाला घट्ट धरून तोल सावरणारे चालक आपण पाहतो. तो तोल पाठीने आणि डाव्या पायाने सावरायचा असतो.

पावणेतीनची पकड

आता मुख्य गोष्ट. घड्याळात पावणेतीन वाजले असता मोठा काटा नऊवर आणि लहान काटा तीनच्या जवळ असतो. दोन्ही काटे जवळजवळ आडव्या रेषेत दिसतात. हात तसे ठेवावेत. डावा हात नऊच्या जागी, उजवा तीनच्या जागी. या जागी हात खांद्यापेक्षा खाली राहतात, कोपर सैल राहते आणि मनगट सरळ राहते. बस-ट्रकचे चाक मोठे आणि आडवे असते, तेथे हात या रेषेपेक्षा थोडे खाली असले तरी चालतात.

पकड किती घट्ट असावी? लहान मुलाचा हात धरून रस्ता ओलांडताना आपण जेवढे घट्ट धरतो तेवढी. मूल निसटू नये, पण त्याला दुखूही नये. बोटांची नखे पांढरी पडत असतील, तर पकड गरजेपेक्षा जास्त आहे. थंडीच्या दिवसांत पहाटे गारठलेली बोटे आपोआप जास्त आवळतात, म्हणून थंडीत हातमोजे वापरावेत. चाकावरचे रेक्झिनचे कव्हर सैल झाले असेल, तर ते घसरू नये म्हणून चालक नकळत जास्त जोर लावतो. असे कव्हर काढून टाकावे किंवा घट्ट बसणारे घालावे. सैल कव्हर ऐन वळणावर हातातच फिरले, तर चाक जागेवर आणि गाडी खड्ड्यात, अशी गत होते.

आपल्या गाड्यांत गिअर डाव्या हाताला असतो. म्हणून गिअर बदलताना गाडी फक्त उजव्या हाताच्या ताब्यात असते. तो हात तीनच्या जागीच हवा, वर बाराच्या जागी किंवा खिडकीत नको. गिअर बदलला की डावा हात लगेच चाकावर परत यावा. गिअरच्या दांड्यावर हात ठेवून बसण्याची सवय पुष्कळांना असते. त्याने खांदा एका बाजूला कलतो आणि गिअरबॉक्सवरही विनाकारण दाब येतो. मोबाईल धरलेला हात तर चाकावरून कायमचाच गेला असे समजावे. ताशी ६० किलोमीटर वेगात गाडी एका सेकंदात सुमारे १७ मीटर पुढे जाते. हात परत चाकावर यायला लागणारा एक सेकंद म्हणजे १७ मीटर आंधळी धाव.

चाक वळवावे कसे?

चाक वळवण्याच्या तीन रीती आहेत. प्रत्येकीची जागा वेगळी आहे.

पहिली रीत सरकत्या हातांची. उजवीकडे वळायचे असेल तर उजवा हात वर न्यावा आणि चाक खाली ओढावे. त्याच वेळी डावा हात चाकावरून सैल सरकत खाली यावा. मग डाव्या हाताने चाक वर ढकलावे आणि उजवा हात सैल सरकत वर जावा. एक हात काम करतो तेव्हा दुसरा जागा बदलतो. हात एकमेकांवरून जात नाहीत, कोपर छातीसमोर आडवे येत नाही आणि चाक एक क्षणही मोकळे राहत नाही. गावातल्या साध्या वळणांसाठी ही रीत उत्तम.

दुसरी रीत हातावरून हात नेण्याची. अरुंद गल्लीत किंवा बसस्थानकात गाडी वळवताना चाक झपाट्याने बरेच फिरवावे लागते. तेथे एका हाताने चाक फिरवत असताना दुसरा हात त्यावरून नेऊन पुढची पकड घ्यावी. वेग कमी असतानाच ही रीत वापरावी.

तिसरी रीत मोठ्या रस्त्यावरची. तेथे चाक थोडेसेच हलवायचे असते. हात नऊ आणि तीनवरून न हलवता चाक थोडे वळवावे आणि तसेच परत आणावे. ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गासारख्या सरळ रस्त्यावर तर सगळा वेळ हेच काम असते. हात न हलवता ते एकाच जागी आखडतात आणि डोळ्यांवर झापड येते, हे अशा रस्त्याचे वेगळेच दुखणे आहे. तेथे दर दोन तासांनी थांबणे हाच उपाय.

दोन सवयी मात्र मोडल्या पाहिजेत. एक, तळहात चाकावर दाबून ते एका हाताने गरागरा फिरवणे. यात मनगट पूर्ण मागे वाकते आणि सगळा जोर नेमका त्या बोगद्यावर येतो. दोन, चाकाच्या आतून, तळहात स्वतःकडे करून, हात घालून ओढणे. यात खांदा मुरगळतो. चाकाला झटका बसला तर मनगट किंवा अंगठा मोडू शकतो.

गाडी जागेवर उभी असताना चाक फिरवणे हा हातांचा आणि टायरचा दोघांचाही छळ आहे. गाडी किंचित हलू द्यावी आणि मग चाक फिरवावे. ज्या गाडीला पॉवर स्टेअरिंग नाही, तेथे हा नियम कटाक्षाने पाळावा.

आणखी एक. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करणारे महाभाग अजून आहेत. इंजिन बंद पडताच पॉवर स्टेअरिंगची मदत थांबते, चाक एकदम जड होते आणि ब्रेकही कमी लागतो. किल्ली पूर्ण फिरवली गेली तर चाकाला कुलूपच लागू शकते. जिंतूरच्या डोंगराळ भागातील वळणांवर हे किती महागात पडेल, ते सांगायला नको.

एअरबॅग आणि अंगठा

१ जुलै २०१९ पासून भारतात तयार होणाऱ्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. ही पिशवी चाकाच्या मधोमध असते आणि अपघातात सेकंदाच्या विसाव्या भागापेक्षाही कमी वेळात फुगते. त्या वेळी हात चाकाच्या वरच्या भागावर किंवा आडवा मध्ये असेल, तर पिशवी तो हात चालकाच्याच तोंडावर फेकते. मनगट मोडते, चेहऱ्याला इजा होते. हात नऊ आणि तीनवर असतील तर पिशवी दोन हातांच्या मधून फुगते आणि छाती-डोके झेलते. दहा-दहाची पकड मागे पडली, त्याचे हेही एक मोठे कारण आहे.

छाती आणि चाकाचा मध्य यांत निदान २५ सेंटीमीटर, म्हणजे एक वीत आणि दोन बोटे, अंतर ठेवावे. सीटबेल्टही लावलाच पाहिजे. बेल्ट नसेल तर अंग पिशवी फुगण्याच्या आतच पुढे येते आणि वाचवणारी पिशवीच इजा करते. चाकाच्या मधोमध देवाची मूर्ती, खडे किंवा शोभेची वस्तू चिकटवू नये. पिशवी फुगताच ती वस्तू बंदुकीच्या गोळीसारखी उडते.

ट्रॅक्टरचालकांसाठी

शेतात नांगरट चालू असताना पुढचे चाक बांधाला किंवा दगडाला आदळले, की साध्या स्टेअरिंगचे चाक झटक्यासरशी उलटे फिरते. त्या वेळी अंगठा चाकाच्या आत गुंडाळलेला असेल, तर चाकाची आरी अंगठ्यावर आपटते. अंगठ्याचे हाड मोडते किंवा सांधा निखळतो. म्हणून शेतात अंगठे चाकाच्या कडेवर, बोटांच्याच बाजूला ठेवावेत, आत अडकवू नयेत. एका हाताने चाक फिरवता यावे म्हणून कडेला गोल मूठ बसवतात. जागच्या जागी वळायला ती सोयीची वाटते, पण झटका बसल्यास तीच मूठ मनगटावर हातोडीसारखी आदळते आणि बाहीही तिच्यात अडकते. रस्त्यावर तिचा वापर करू नये.

उसाच्या वाहतुकीत याहून गंभीर धोका आहे. ट्रॉलीत बेसुमार ऊस भरला, की त्याचा भार हुकावर येतो आणि ट्रॅक्टरची पुढची चाके हलकी होतात. चढावर तर ती जमिनीवरून उचलली जातात. चालकाला वाटते, स्टेअरिंग आज छान हलके चालते आहे. खरे म्हणजे ती धोक्याची घंटा असते. चाक फिरते, पण ट्रॅक्टर वळत नाही. येथे पकड कितीही चांगली असली तरी उपयोग नाही. भार कमी करणे, तो ट्रॉलीत नीट विभागणे आणि पुढे वजने लावणे हाच उपाय. हे चालकाच्या एकट्याच्या हातात नसते. ट्रॅक्टरमालक, मुकादम आणि ऊस भरून देणारा शेतकरी, सगळ्यांनीच हे ध्यानात घ्यावे.

विश्रांती ही चैन नव्हे

मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ मध्ये प्रौढ कामगाराला दिवसाला आठ आणि आठवड्याला ४८ तास काम, आणि सलग पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, अशी मर्यादा घातलेली होती. प्रत्यक्षात काय चालते ते चालकांना सांगायला नको. तरीही चहाच्या थांब्यावर पाच मिनिटे हातांसाठी राखून ठेवणे प्रत्येकाला जमण्यासारखे आहे.

गाडीतून खाली उतरावे. मुठी घट्ट मिटून पूर्ण उघडाव्यात, असे दहा वेळा. हात समोर सरळ करून, दुसऱ्या हाताने बोटे हळूच मागे ओढावीत व पंधरा सेकंद धरावीत. मग मनगट खाली वाकवून तसेच करावे. खांदे कानापर्यंत वर उचलून गोल फिरवत मागे सोडावेत. हनुवटी आत ओढून मान सरळ करावी. शेवटी दहा-वीस पावले चालावे. कळ येईपर्यंत ताणू नये. हे सर्व चहा गाळून होईपर्यंत आटोपते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

रात्री मुंग्यांमुळे आठवड्यातून दोन-तीनदा जाग येत असेल, वस्तू हातून निसटत असतील, अंगठ्याचा जोर कमी वाटत असेल किंवा बधिरपणा दिवसाही राहत असेल, तर थांबू नये. घरच्या घरी एक चाचणी करता येते. दोन्ही हातांचे पंजे खाली लोंबते ठेवून त्यांच्या पाठी एकमेकींना टेकवाव्यात आणि मनगटे वाकवून एक मिनिट तसेच धरावे. अंगठा, तर्जनी व मधल्या बोटाला मुंग्या आल्या, तर मनगटातला मज्जातंतू दबत असल्याचा संशय घ्यावा. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे, निदान डॉक्टरच करतील. रक्तातील साखर आणि थायरॉईडची तपासणी, गरज वाटल्यास मज्जातंतूंची विद्युत तपासणी केली जाते.

लवकर आलेल्या रुग्णाला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया लागत नाही. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी, काही दिवस विश्रांती, पकडीत सुधारणा, क्वचित मनगटात एखादे इंजेक्शन एवढ्याने आराम पडतो. उशिरा आलेल्याच्या मनगटातील पट्टा कापून बोगदा मोकळा करावा लागतो. शस्त्रक्रिया लहान असते, पण तेवढे दिवस गाडी बंद आणि मजुरीही बंद. दुखणे अंगावर काढण्याची ही खरी किंमत. स्वतःच्या मनाने रोज वेदनाशामक गोळ्या घेणे तर अजिबात नको. त्याने मज्जातंतूवरचा दाब हटत नाही, उलट जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होते.

मात्र हाताचे प्रत्येक दुखणे स्टेअरिंगचे नसते. छातीत दडपण येऊन डावा हात किंवा जबडा दुखू लागला आणि घाम सुटला, तर तो हृदयविकाराचा झटका असू शकतो. एकाएकी एका बाजूचा हात गळून पडला, तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले, तर तो पक्षाघात असू शकतो. अशा वेळी गाडी ताबडतोब कडेला घ्यावी, पुढे चालवू नये, १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णालय गाठावे.

ज्यांच्या घरात चालक आहे त्या माता-भगिनींनाही एक विनंती. रात्री तो हात झटकत उठला, तर ‘‘झोपा आता’’ एवढ्यावर सोडू नका. किती दिवसांपासून होते ते विचारा आणि दवाखान्यात घेऊन जा. तो स्वतःहून जाणार नाही, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे.

लक्षात ठेवा

१. पाठ टेकवून बसा. छाती आणि चाकात एक वीत व दोन बोटे अंतर ठेवा.

२. हात पावणेतीनच्या काट्यांसारखे ठेवा. पकड सैलही नको, आवळलेलीही नको.

३. मनगट सरळ ठेवा. कोपर खिडकीवर टेकवू नका.

४. गिअर बदलला की हात लगेच चाकावर आणा.

५. गाडी उभी असताना चाक फिरवू नका. उतारावर इंजिन बंद करू नका.

६. शेतात ट्रॅक्टर चालवताना अंगठे चाकाच्या आत गुंडाळू नका.

७. दोन तासांनी पाच मिनिटे थांबा, हात मोकळे करा.

८. रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल तर दुखणे अंगावर काढू नका.